मागची पोती

बंदरावर आयात माल बघणाऱ्या तपासनिसाचा हात पोत्यावरून फिरला की हळद पास, असं हमाल चेष्टेने म्हणत आणि त्यालाही ते ऐकून बरं वाटे. मूर्खपणाच तो. शिशाचा रंग फासून पिवळीधमक केलेली हळद हाताला कळत नाही, आणि डोळ्यांना तर जास्तच आवडते.

नियम सरळ होता. कंटेनरच्या दारातून, मधून आणि अगदी मागून असे तीन नमुने घ्यायचे. पण मागे पोचायचं तर आधी पोती उतरवावी लागत. बाहेर ट्रकांची रांग, एजंटची घाई. मग हा दारातल्याच पोत्यात नमुना काढायची पोकळ परखी तीनदा खुपसायचा आणि नमुन्यांच्या पिशव्यांवर तीन वेगळ्या चिठ्ठ्या चिकटवायचा. सगळेच तसं करत. प्रयोगशाळेचा अहवाल स्वच्छ येई, कारण माल पाठवणाऱ्यालाही तपासनिसांची सवय पाठ झाली होती. चांगली पोती तो दारातच रचायचा.

हे बिंग फुटलं ते त्याच्या भाचीमुळे. चार वर्षांची, मोठ्यांचे कान कापणारी पोर साधे शब्द विसरू लागली, पोट धरून बसू लागली. रक्तात शिसं निघालं. नळाचं पाणी, भिंतींचा रंग, खेळणी, सगळं तपासून झालं. शेवटी सापडला हळदीचा डबा.

"दादा, तूच म्हणालास ना, हीच घे, माझ्या हाताखालून गेलीय," बहीण म्हणाली. तो चुकेल हे तिच्या मनातही नव्हतं. "बंदराच्या प्रयोगशाळेनेच घोळ घातला असणार."

नुसती मान हलवली असती तरी सुटला असता. पण पोर त्याच्या मांडीवर बसून शर्टाची बटणं मोजत होती. गेल्या महिन्यात वीसपर्यंत आकडे म्हणणारी ती आता पाचापाशीच अडत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्यांची चूक नाही. मागची पोती मी कधी उघडलीच नाहीत. चिठ्ठ्या खोट्या लावल्या."

रक्तातलं शिसं उतरेल, पण गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, हे डॉक्टरांनी बहिणीला सकाळीच सांगितलं होतं.

"मागच्या पोत्यांपर्यंत पोचायला किती वेळ लागतो रे?"

"दोन तास."

तिने पोरीला त्याच्या मांडीवरून उचलून घेतलं.

"दोनच तास?"