तीन चकत्यांचा गिअरबॉक्स

छोट्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पोटात क्लचच्या तीन चकत्या होत्या, मोठ्याच्या पाच. मल्हारीने कॅलिपर लावून जाडी मोजली. सारखीच; म्हणजे जितक्या चकत्या जास्त, तितका जोर जास्त पेलणार. समोर उभ्या अमेरिकन गाडीचं इंजिन तीनशे हॉर्सपॉवरचं होतं.

हिशेब अवघड नव्हता. कमी ताकदीच्या सहा सिलिंडरच्या गाडीतून निघालेला छोटा बॉक्स या इंजिनापुढे फार तर महिनाभर टिकला असता. मोठ्यासाठी गाडीचा तळ थोडा कापावा लागणार होता, एवढंच. तरी दोन्ही बॉक्स सहा आठवडे द्वारका चौकाजवळच्या त्याच्या गॅरेजात गोणपाटाखाली पडून होते.

गाडी सहादू गायखेंची. सोळा वर्षं दुसऱ्याचा ट्रक चालवून ते स्वतः ट्रकमालक झाले, तेव्हा हौसेने लिलावात घेतलेली. दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय क्लच दाबेना. म्हणून आता पायाने क्लच दाबावा न लागणारी ऑटोमॅटिक हवी होती.

त्यांच्या पत्नी, लताबाई, पहिल्याच आठवड्यात एकट्या येऊन गेल्या होत्या.

"मल्हारीभाऊ, छोटाच बसवा."

"वहिनी, तो टिकायचा नाही."

"म्हणूनच म्हणते. बंद पडली की राहील दारात उभी. यांना चालवताना दुसरा झटका आला तर?"

मल्हारीने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सहादूंना मात्र तो 'पार्ट यायचाय' सांगत राहिला.

आज नवरा-बायको दोघं रिक्षाने आले. सहादू काठी टेकत उतरले.

"काय रे मल्हारी, पार्ट बोटीनं येतोय का पोहत?"

"आधी गाडीत बसा, भाऊ. ब्रेक दाबून दाखवा."

त्याने ब्रेकच्या नळीला प्रेशर गेज जोडला होता. सहादूंनी उजवा पाय दाबला. काटा हव्या त्या आकड्यावर चढला आणि तिथेच थांबला. मल्हारीने दहा वेळा दाबायला लावलं. दहाव्यांदाही काटा तिथवरच गेला. पायाची खात्री झाली. पुढच्या झटक्याची खात्री देणारा गेज कुणाकडेच नव्हता.

"झालो का पास?" सहादू हसले. ओठ एकाच बाजूने वर गेला. मग त्यांची नजर मोकळ्या पडलेल्या बॉक्सांवर गेली. "आणि हे दोन कुणाचे?"

लताबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"तुमचेच," मल्हारी म्हणाला. "कधीचेच आलेत. मी खोटं बोललो."

"का रे?"

मल्हारी लताबाईंकडे वळला.

"वहिनी, छोटा बॉक्स दारात बंद पडायचा नाही. कसारा घाटाच्या चढावर सटकेल, गाडी मागे येईल. मागे भरलेला ट्रक असला तर?"

सहादू आळीपाळीने दोघांकडे बघत होते.

"भाऊंनी गाडी चालवायची की नाही, ते तुम्ही दोघं घरी बसून ठरवा. वहिनींचं नीट ऐका, भाऊ." मल्हारीने हात पुसले. "मी मोठाच बसवणार."