दाराआडचा वजनकाटा

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. दुकानातला नव्हे, मुलांच्या डॉक्टरांच्या खोलीतला. खाली उभं राहायला लोखंडी पाट, वर आडवी दांडी आणि दांडीवर सरकणारी दोन वजनं, एक मोठं, एक लहान. ती सरकवत दांडी सरळ तरंगली, की ते तुमचं वजन. मला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. फक्त माणसाचा हात लागतो, आणि तोच हल्ली मिळत नाही.

एके काळी मी डॉक्टरबाईंच्या टेबलाला खेटून उभा असे. बाईंचा नेम कडक होता. मूल रडो, पाय झाडो, त्याच्या चपला स्वतः काढून त्या आधी माझ्यावर चढवत. आकडा चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहून त्याभोवती गोल काढत आणि मगच औषधाचं नाव लिहीत. त्या गोलाचा मला मोठा अभिमान होता.

भिंगरी पहिल्यांदा आली तेव्हा आठ महिन्यांची होती. पोट फुगलेलं, डोळे पिवळट. तिला उभं राहता येईना, म्हणून आधी आईनं तिला कडेवर घेऊन माझ्यावर पाय ठेवला, मग एकटीनं. वजाबाकी बाईंनी केली. पुढच्या खेपेला तपासण्या हातात आल्या, तेव्हा बाईंनी खुर्ची पुढे ओढून सगळ्यांना समजावलं. अन्नातल्या प्रथिनांचा एक तुकडा पचवायला यकृतात जे एन्झाइम लागतं, ते या मुलीत जन्मापासून नाही. म्हणून त्या तुकड्याचं विष होतं आणि ते यकृत पोखरतं.

"आमच्या घरात असलं कधी कुणाला झालं नाही," आजी सुनेकडे बघत म्हणाली.

"आजी, हे अर्धं आईकडून आणि अर्धं बापाकडून यावं लागतं. तुमच्या लेकाचाही वाटा आहे बरं का."

आजीनं पदर सारखा केला. वडील खिडकीबाहेर बघू लागले.

तोंडानं घ्यायचं औषध होतं. कॅप्सूल उघडायची, पूड चमचाभर पाण्यात कालवायची, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. ते विष होऊच देत नाही. मात्र दूध, अंडी, मांस, कडधान्यं सगळं मोजूनमापून. "आणि हे औषध वजनावर ठरतं," बाई म्हणाल्या. "पोर वाढली की औषध वाढायला हवं. नाहीतर घेऊनही ते कमी पडतं." तेव्हा त्यांचा हात माझ्या दांडीवर होता.

भिंगरी सुधारली. डोळे पांढरे झाले, पोट उतरलं, खोलीत गरगर फिरू लागली आणि तिथंच तिला हे नाव पडलं. शेवटच्या खेपेला बाईंनी माझी वजनं चौदा किलोवर आणून ठेवली, मोठं दहावर, लहान चारवर. मग बाई निवृत्त झाल्या.

नवे डॉक्टर आले, टेबलावर संगणक आला. वजनाचं नवं यंत्र वऱ्हांड्याच्या टोकाला, लसीकरणाच्या खोलीत गेलं. मला ढकलत ढकलत दाराआड नेलं. दार उघडलं की मी काळोखात कोंडला जातो. मिटलं की समोर पोपडे आलेली भिंत. कानावर मात्र सगळं येतं, मित्रांनो. ऐकू यावं आणि बोलता येऊ नये, याहून मोठा कोंडवाडा कुठला?

भिंगरीला रक्त काढायच्या सुईची धास्ती. दर तीन महिन्यांनी ती आली, की धावत दाराआड शिरायची आणि माझ्यावर उभी राहून श्वास रोखायची. पहिल्या खेपेला माझी दांडी जराशी उचलली. दुसऱ्या खेपेला टक् करून वर आपटली. ती चौदाची राहिली नव्हती!

आणि टेबलापाशी काय चालायचं?

"सिस्टर, वजन?"

"तिकडे लसीची रांग पार जिन्यापर्यंत गेलीये, सर. मागचं चौदा आहे, तेच घालते."

"घाला. औषधही मागचंच."

असं पाच वेळा झालं. पाचही वेळा माझी दांडी ओरडून सांगत होती, आणि दारापलीकडे कुणाला पत्ता नव्हता.

सहाव्या खेपेला डॉक्टरांचा आवाज बदललेला होता. "जे विष रक्तात नको, ते रिपोर्टमध्ये पुन्हा दिसतंय. डोस चुकवता का तुम्ही?"

"नाही हो," आई म्हणाली. "सकाळी सात, संध्याकाळी सात. एकही वेळ चुकलेली नाही."

"मग लाडानं कुणी काही भरवतं का?"

"माझ्याकडे काय बघता?" आजी उसळली. "पोर चमच्यानं मोजून जेवते आणि ही घड्याळ बघून श्वास घेते. मी चुकेन एक वेळ, माझी सून नाही चुकायची!"

"असंच चाललं तर यकृत बदलायचा विचार करावा लागेल," डॉक्टर म्हणाले.

भिंगरी माझ्यावर उभी होती. माझी दांडी वर टेकलेली होती. मी सगळं जाणत होतो आणि गजासारखा ताठ उभा होतो. दुसरं करणार काय?

भीती घालवायला म्हणून असेल, तिनं टाचा उंचावून माझं लहान वजन बोटानं ढकललं. मोठं दहावरच होतं. पाच. सहा. दांडी वरच. अंक तिला शाळेत नुकतेच आले होते. सात. आणि थोडं पुढे. दांडी खाली आली, डुलली, तरंगली.

"आई! मी सतरा! सतरा आणि वर थोडी!"

"बाहेर ये गं," सिस्टर हसल्या. "तो काटा भंगारात जायचाय."

"थांबा. किती म्हणाली?" डॉक्टर उठले. त्यांनी दार ओढून घेतलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. खाली बसून तिच्या चपला काढल्या, पुन्हा आकडा वाचला. मग रांग ओलांडून तिला नव्या यंत्रावरही उभं केलं. तोच आकडा.

परत आले तेव्हा ते उभ्यानंच बोलले. "ताई, डोस तुम्ही चुकवला नाही. आम्ही चुकवलाय. सव्वा वर्ष."

आरोप होताना न रडलेली आई आता हमसून हमसून रडली.

"आता कसली रडतेस?" आजीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "आता तर भांडायची वेळ आहे!"

त्याच दिवशी औषध वाढवलं गेलं. काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. विष उतरलं होतं, अजून पुरतं गेलं नव्हतं. यकृताला किती इजा झाली, ते पुढच्या तपासण्या सांगतील. मी अजून दाराआडच आहे. खोली लहान आहे, मला ठेवायला दुसरी जागा नाही म्हणतात.

पण मित्रांनो, तुम्ही माझ्यासारखे मुके नाही. तुमच्यासाठी कुणी औषध लिहायला बसलं, तर विचारा, "माझं वजन शेवटचं कधी केलंत?" उत्तर "मागचंच आहे" असं आलं, तर लाजू नका, रांगेला भिऊ नका. चपला काढा आणि काट्यावर उभे राहा.