मासे घुमतात त्या वेळी

"वल्हं पाण्यात धर, दांडा कानाला लाव आणि तोंड बंद ठेव." लहानपणी ऐकलेला बाबांचा तो आवाज तिच्या कानात अजून जसाच्या तसा होता. दांड्यातून तेव्हा मासे घुमले होते, जणू पाण्याच्या पोटात कुणी हलकेच डबा वाजवतंय.

त्याच माशांनी आता तिच्या नाकी नऊ आणले होते. अंडी घालायच्या दिवसांत ते तिन्हीसांजेला खाडीच्या तोंडाशी जमतात. त्यांचं घुमणं पाण्याखालच्या मायक्रोफोननं सलग आठवडाभर टिपलं, तरच त्या पुराव्यावर गाळ उपसणाऱ्या जहाजांचं तिथं येणं थांबणार होतं. पण मासे कुठे सूर धरतात न धरतात तोच घरघर. इंजिनाची. की मासे चिडीचूप.

मायक्रोफोन जाळ्यांत अडकू नये म्हणून तिनं बाबांना त्यांची जुनी इंजिनाची होडी घेऊन राखणीला बसवलं होतं. आज ते परतले तशी तिनं हेडफोन मानेवर ओढले.

"आज तरी दिसली का कुणाची बोट?"

"चिटपाखरू नाही."

"मग ही घरघर काय भुताची?"

"भुताला पेट्रोल परवडतं होय?"

"बापलेक माशांचं सगळं ऐकता," आई आतून म्हणाली, "मी जेवायला हाक मारली की दोघंही बहिरे."

तिनं आवाज पुन्हा लावला. घरघर, मधेच एक उचकी, पुन्हा घरघर. ही उचकी ती जन्मापासून ऐकत आली होती. तिनं कपाळाला हात लावला.

"बाबा, तिथं पोचल्यावर इंजिन बंद करता ना?"

बाबा ओला शर्ट झटकत राहिले. "मी केवढा लांब उभा असतो."

"पाण्यात आवाजाला लांब काय नि जवळ काय? तुम्हीच ना शिकवलंत? हंगाम संपत आला, एक संध्याकाळ धड हाती नाही. ती जहाजं सगळं खरवडून नेतील. आणि तुम्हाला साधं इंजिन बंद करायचा आळस!"

"आळस नाही गं."

"मग काय?"

ते खाटेवर टेकले. उजवा हात त्यांनी मांडीवर उचलून ठेवला, डाव्या हातानं.

"बंद केलं की पुन्हा चालू करायला दोरी ओढावी लागते. माझ्यानं आता ती ओढवत नाही."