धवलारणीचे हात

आवडाबाईने कॅलेंडर डॉक्टर मृणालीच्या टेबलावर आपटलं. फेब्रुवारीच्या पानावर आवडाबाईचाच फोटो होता. डोळ्यांवर काळी पट्टी, आणि पुढे धरलेले दोन्ही हात, लाल, खवले सुटलेले.

“कोनाला इचारून छापलंस?”

“मावशी, डोळे झाकलेत ना. कोण ओळखणार तुम्हाला?”

“डोळं कोन बगतो माजं? मी धवलारीण हाय!”

शहाणपणाची कमालच म्हणायची! जी बाई चाळीस वर्षं आगऱ्यांच्या लग्नांत धवले गाते, नवरीला हळदीचा पहिला हात लावते, तिचे डोळे झाकायचे आणि हात छापायचे. मनगटावर गोंदलेली ती तुळस सहा गावांत शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. नव्या वर्षाला त्वचारोगांची माहिती देणारं दवाखान्याचं कॅलेंडर घरोघर गेलं, आणि घरोघर आवडाबाई भिंतीवर लटकली.

“तुम्ही अंगठा दिला होता, मावशी.”

“त्यो औषधाला दिला. भिंतीवर टांगायला न्हाय.”

मृणालीने अंगठ्याचा कागद काढला, वाचला आणि पालथा ठेवला. त्यात फोटोबद्दल एक अक्षरही नव्हतं.

“चुकलं माझं. सगळी कॅलेंडरं परत मागवते.”

“मागव. पन लोकांनी बगितलं, त्याचं काय?”

मग तिने सांगून टाकलं. शेजारच्या कृष्णाबाईच्या नातीचं, नूतनचं लग्न होतं. कृष्णाबाई परवा म्हणाली, तू नुसती गा, हळद माझी धाकटी सून नेत्रा लावील. हात कधीच बरे झाले होते, तरी! नूतनच्या आईलाही आवडाबाईनेच हळद लावली होती, आणि आता तिच्या लेकीच्या हळदीत हात बांधून बसायचं?

“आयतवारी हलद हाय. तू ये,” ती म्हणाली आणि उठली.

रविवारी मृणाली मांडवात आली. बायका कुजबुजल्या. मृणाली घसा साफ करून म्हणाली, “मावशींचा आजार...”

“गप!” आवडाबाई कडाडली. “माजा आजार हाय. सांगायचा का न्हाय, मी बगेन.”

आवडाबाई पाटाजवळ गेली, नेत्राच्या हातातलं हळदीचं पातेलं घेतलं, हात मनगटापर्यंत हळदीत बुडवला आणि डॉक्टरीणबाईंच्या तोंडासमोर धरला. तिथेच थांबली. हळदीत कोण कुणाला विचारतं? दिसेल त्याला फासायची! बायका बघतच राहिल्या.

“लावू का?”

मृणालीने चष्मा काढला. “लावा, मावशी.”

दोन्ही गाल पिवळे झाले. कृष्णाबाई काही बोलायला पुढे सरली, पण पाटावरच्या नूतनने तिचा पदर धरून तिला मागे ओढलं आणि स्वतःचं तोंड पुढे केलं.

आवडाबाईने तिलाही आधी विचारलं.