चाळीस दिवस दाराशी

अद्दाय छावणीत आला त्या रविवारी मिस्सा अर्ध्यावर थांबली. थांबवणारा मीच होतो.

उत्तर इराकमधल्या अंकावाच्या त्या छावणीत आम्ही पत्र्याच्या खोल्यांतून राहत होतो, बहुतेक सगळे तेल-शमीरा गावचे. चर्च म्हणजे एक लांबडा तंबू. अद्दाय झगा घालूनच आत शिरला आणि कुणाकडे न बघता वेदीजवळ शमाशांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पाद्रीच्या हाताखाली वेदीची सेवा करणारा, स्तोत्रं म्हणणारा तो शमाशा. गावात बावीस वर्षं त्यानं ते काम केलं होतं. अख्खा विश्वासांगीकार जुन्या सुरयानी भाषेत न अडखळता म्हणावा तर अद्दायनंच. त्यानं पुस्तक उघडलं. मी पुढे झालो आणि ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"हे तोंड इथं उघडायचं नाही."

"हुर्मिझ, मिस्सा होऊ दे. मग बोलू आपण."

"ज्या तोंडानं कलमा म्हणालास त्याच तोंडानं आता हे म्हणणार?"

गाणारे गप्प झाले. बायकांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "बाटगा!" मग आणखी दोघीतिघी. अद्दायनं झगा काढला, घडी घालून बाकावर ठेवला आणि तो बाहेर गेला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

माझा राग उगाच नव्हता. आयसिसचे काळे झेंडेवाले गावात शिरले त्याच्या आदल्या पहाटे गाव रिकामं झालं होतं. चार-पाच माणसं काय ती मागे राहिली. त्यात अद्दाय आणि त्याची आई शमूनी. तिला पाऊलभर चालता येत नव्हतं. आणि माझा थोरला भाऊ गोर्गिस. तो कबुतरांसाठी राहिला. त्यांना उघड्यावर सोडून येणार नाही म्हणाला. तीन आठवड्यांनी त्यांना शाळेच्या पटांगणात उभं केलं आणि कलमा म्हणायला सांगितलं. अद्दायनं म्हटला, कागदावर सहीसुद्धा केली. त्याला घरी जाऊ दिलं, आईचं इन्सुलिन दिलं. गोर्गिस म्हणाला नाही. बंदुकीच्या दस्त्यानं त्याच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून फोडली आणि त्याला शेवटच्या चौकीबाहेर ढकलून दिलं. दीड दिवस चालत तो आमच्यापर्यंत पोहोचला.

अद्दाय आणि शमूनी निसटले ते दोन महिन्यांनी. शेजारच्या अरब गावातल्या अबू खलफनं त्यांना कलिंगडांच्या ट्रकमधून बाहेर काढलं. सापडला असता तर त्याची मान गेली असती. पण छावणीत अबू खलफचं नाव कुणी घेत नव्हतं. नाव होतं ते गोर्गिसच्या बोटांचं. म्हाताऱ्या त्याच्या हाताचं चुंबन घ्यायच्या. तो हात मागे ओढायचा, आणि आम्ही म्हणायचो, बघा, किती नम्र!

मंगळवारी आमच्या पाद्रींच्या, अबूना यलदांच्या खोलीत बैठक बसली. चर्चच्या समितीचे आम्ही सहाजण, समोर अद्दाय. त्यानं आईला पाठीवरून आणलं होतं. एकटी ठेवली तर पडते म्हणाला. मी गोर्गिसला आणलं, साक्षीला. तो यायला तयार नव्हता. मी त्याला जवळजवळ ओढतच नेलं.

अबूना म्हणाले, "अद्दाय, विश्वासांगीकार म्हण."

अद्दाय उभा राहिला आणि म्हणू लागला. एक देव, एक प्रभू, देवापासून देव, प्रकाशापासून प्रकाश. आवाज अजून तसाच होता, भरलेला. एका सदस्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. ते पाहून माझं डोकं फिरलं.

"अबूना, पोपटही म्हणेल हे! पटांगणात काय म्हणाला ते विचारा."

"पटांगणातसुद्धा मी मनात हेच म्हणत होतो," अद्दाय म्हणाला.

"म्हणजे आत ख्रिस्ती आणि बाहेर सोयीनं? आतला कुणी पाहिलाय?"

"ज्यानं पाहायचा त्यानं पाहिलाय."

"माझ्या भावानं दाताखाली जीभ धरली, बोटं दिली. आणि तू?"

"मी आई वाचवली. ते पाप असेल तर पाप म्हणा, मी मान खाली घालतो. पण मी ख्रिस्ती नाही असं म्हणू नका." त्याचा आवाज चढला. "ख्रिस्ती कोण, हुर्मिझ? जो मानतो तो, की ज्याचे पाय थरथरत नाहीत तो? तुझा भाऊ इथंच आहे. त्याला विचार."

"विचाराच," मी अबूनांना म्हणालो. छाती काढून म्हणालो.

अबूना गोर्गिसकडे वळले. "बाळा, तू येशूसाठी सोसलंस. तो तिसऱ्या दिवशी उठला यावर तुझा विश्वास आहे हे यांना सांग."

गोर्गिस म्हणाला, "अबूना, मेलेला माणूस उठलेला मी काही पाहिला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. कुमारीच्या पोटी जन्म, भाकरीचं शरीर होणं, यातलं काहीच मानत नाही. आई गेली तेव्हापासून नाही. मिस्सेला येत होतो ते बाहेर लोक भेटतात म्हणून."

"मग तो कलमा का नाही म्हणालास?" अबूनांनी विचारलं.

"तो माणूस म्हणाला, 'म्हण, कुत्र्या.' मला कुत्रा म्हणणाऱ्याच्या हुकमावरून मी सलामसुद्धा करत नाही. एवढंच होतं. तुम्ही सगळे माझा हात धरून रडायला लागलात, मग कुठल्या तोंडानं सांगू?"

मी त्याचा दंड धरला. "तुला वेड लागलंय. वेदनांनी डोकं फिरलंय याचं, अबूना."

"डोकं ठिकाणावर आहे," गोर्गिस म्हणाला. "हात सोड."

टोपीवाला सदस्य चिडला. "म्हणजे मानतो त्यानं नाकारलं, आणि नाकारलं नाही तो मानतच नाही! आता दोघांनाही काढा बाहेर. काय थट्टा लावलीय?"

तेव्हा शमूनी बोलली. तोवर ती कोपऱ्यात गोधडीवर बसून होती, झोपली असेल असं वाटलं होतं.

"काढा. मग आत कोण उरलं? तुम्ही. तुम्हाला कुणी काही विचारलंच नाही. विचारायच्या आधी पळालात." तिनं माझ्याकडे बोट केलं. "हा हुर्मिझ. याची पिकअप माझ्या दारावरून गेली. मी खिडकीतून हाका मारल्या. मागे फ्रिज होता, दोरानं बांधलेला. मी फ्रिजपेक्षा जड होते का रे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तिच्या हाका मी ऐकल्या होत्या. गाडीत बायको होती, तीन मुली होत्या, रस्ता तुंबायच्या आत पूल ओलांडायचा होता. यातलं काहीही सांगता आलं असतं. मी म्हणालो, "म्हातारे, निदान मी देवाला तरी विकलं नाही."

"तुझ्याकडं विकायला होतं काय?" ती म्हणाली.

मी उठलो. अबूनांनी मला खाली बसवलं आणि निकाल दिला. अद्दायनं चाळीस दिवस तंबूच्या दाराशी उभं राहायचं, आत यायचं नाही, ख्रिस्तप्रसाद घ्यायचा नाही. मग त्याला परत घेतलं जाईल. गोर्गिसबद्दल त्यांनी काही ठरवलं नाही. "तुला काय म्हणू मी?" असं तेवढं विचारलं.

"गोर्गिस म्हणा," तो म्हणाला.

अद्दाय चाळीस दिवस उभा राहिला. ऊन झालं, वाळूचं वादळ झालं, तो उभाच. आत जाणारे काही त्याच्या पायाजवळ थुंकत. मी थुंकलो नाही, पण थुंकणाऱ्यांना थांबवलंही नाही. चाळिसाव्या दिवसानंतरच्या रविवारी तो ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत आला, नेमका माझ्यापुढे. अबूनांनी त्याच्यासाठी भाकर हातात घेतली तेव्हा मी वळलो आणि रांगेतून बाहेर चालू लागलो. माझ्यामागे पंचवीस-तीस जण निघाले. आम्ही उन्हात उभे राहिलो. आत मिस्सा शेवटपर्यंत चालली, स्तोत्रात अद्दायचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

घरी गोर्गिस चहा पीत बसला होता, डाव्या हातानं. त्याला बातमी कळली होती.

"का बाहेर आलास?"

"तुझ्यासाठी. तुझ्या हातासाठी."

"माझा हात तुझ्या भांडणात घालू नकोस. मला त्या अद्दायचा राग नाही. त्याला आई होती, मला कबुतरं होती. राग येतो तो तुझा."

"मी तुला घरात घेतलं. खाऊपिऊ घातलं."

"हुतात्म्याला घेतलंस. मला नाही."

त्याच संध्याकाळी त्यानं गादी गुंडाळली आणि अद्दायच्या खोलीत राहायला गेला. पुढच्या वर्षी शमूनी वारली तेव्हा तिची पेटी खांद्यावर घेणाऱ्यांत तो होता. मी गेलो नाही. अद्दाय नंतर ऑस्ट्रेलियाला गेला. गोर्गिस त्याच खोलीत राहतो, माझ्यापासून सहा दारं पलीकडे. रविवारी मी तंबूत जातो, तो जात नाही. पाण्याच्या टाकीपाशी समोरासमोर आलो तर तो आधी बादली भरतो, मी थांबतो. बोलत आम्ही दोघंही नाही.