पाण्याच्या नळीतली पट्टी

प्रयोगशाळेत त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. तोंडाची टकळी अखंड चालू, म्हणून टकळीबाई. पण बाईचं डोकं असं, की बाळांच्या रक्तातला एक जनुकीय बदल शोधायला जिथं महागडं यंत्र लागतं, तिथं त्यांनी गरम पाण्याच्या तीन भांड्यांवर भागवलं होतं. एक कडकडीत, एक कोमट, एक मधलं. रक्ताच्या नळ्या या भांड्यातून त्या भांड्यात बुडवत राहायचं. शेवटी जेल नावाच्या पारदर्शक थरावर ज्याची पट्टी उमटली, त्याच्यात बदल आहे. बाळांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तर या पद्धतीकडे डोळे लावून बसल्या होत्या. यंत्राची तपासणी परवडत नाही म्हणून कितीतरी बाळं तशीच घरी जात होती.

भानगड एकच. नुसत्या पाण्याच्या नळीतही पट्टी उमटायची. पडताळणीसाठी ती बिनरक्ताची नळी ठेवायचीच मुळी कोरी निघावी म्हणून!

"पाण्यालाही आजार?" प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. "मग औषध सुरू करा त्याला! शुक्रवारी डॉक्टरीणबाई बघायला येतायत. पाणी कोरं निघालं तर ठीक, नाहीतर गुंडाळा ही भांडीकुंडी."

टकळीबाईंनी पाणी बदललं, नळ्या बदलल्या, टेबल घासघासून पुसलं, आणि सगळा वेळ मास्क हनुवटीला लटकवून पाण्याला शिव्या घातल्या. शेवटी वैतागून स्वतःची थुंकी तपासली. ठसठशीत पट्टी! बदल त्यांच्यातच होता आणि बोलता बोलता नळीत उडत होता.

"मेलं माझं तोंड!" म्हणत त्या लाजेनं लाल झाल्या.

आता शुक्रवारी गप्प राहायचं, तर घरी सराव नको? संध्याकाळभर अवाक्षर नाही. नवरा आधी खूश झाला, मग हादरला. न सांगता भांडी घासली, तरी बायको गप्पच. शेवटी काकुळतीला आला बिचारा. "बरं बाई, तुझी छत्री मीच हरवली. आणि माझ्या ताईला महिनाभर राहायला ये असंही मीच सांगितलं."

हे मात्र फार झालं. पण बाई जीभ चावून बसल्या.

शुक्रवारी मास्क नाकावर घट्ट. नळ्यांची झाकणं उघडी. आणि शेजारी उभे राहून साहेब डॉक्टरीणबाईंना सांगत होते, "त्याचं काय झालं, एकदा आंघोळीचं पाणी काढताना ही कल्पना माझ्या डोक्यात आली."

अगं बाई! याच्या डोक्यात? कडकडीत भांडं कुठलं नि कोमट कुठलं हेही ठाऊक नाही या माणसाला! टकळीबाईंचा नुसता जळफळाट झाला. पण बोलायला लागलं की आपला मास्क हनुवटीवर येतो, हे त्या ओळखून होत्या. मग पाण्यात पट्टी, आणि बाळं पुन्हा तशीच घरी. डोळे भरून आले, तेही त्यांनी मान वळवून बाहीला पुसले.

दुपारी जेल दिव्याखाली आलं. बदल असलेल्या बाळाची पट्टी स्वच्छ, आणि पाणी कोरं करकरीत!

"वा! सोमवारपासून नमुने पाठवते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण साहेब, आधी पाण्यात पट्टी का यायची हो?"

साहेबांनी चष्मा पुसला. खाकरले. पुन्हा चष्मा पुसला.

टकळीबाईंनी मास्क काढला. "मी बोलत होते म्हणून. आज बोलले नाही. पण आता नळ्या बंद आहेत."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून घेतली, आणि साहेबांना एकदम कुठलंतरी काम आठवलं.