पहिली भट्टी निघेपर्यंत

"दांडा मागे घ्यायच्या आधी हाक मारायची. आणि हाक ऐकली की ओ द्यायची. तोंडात घास असला तरी ओ द्यायची. भांडण-बिंडण नंतर."

बाबा गेले, तरी त्यांचं हे सांगणं बेकरीतच राहिलं. भट्टीची खोली बोळासारखी अरुंद. पाव आत सारायचं लाकडी फावडं माणसाच्या दुप्पट लांब. ते बाहेर ओढलं की दांडा थेट मागच्या दाराला जाऊन लागे. भट्टीकडे तोंड करून उभ्या माणसाला मागचं काही दिसत नाही. म्हणून त्यानं "दांडा!" म्हणायचं, आणि मागे कुणी असलं तर त्यानं "ओ!" म्हणायचं. ओ आली नाही, म्हणजे मागे कुणी नाही. थोरली आणि धाकटा, दोघा भावंडांनी पाढ्यांच्या आधी हे पाठ केलं होतं.

पुढे आई अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनीही हात टेकले, तेव्हा थोरली देवापुढे जाऊन बसली. मागायचं एकच होतं. द्यायला तिच्यापाशी बोलण्याशिवाय काही नव्हतं. ते मात्र भरपूर होतं. 'आईला उठव. रोज पहिली भट्टी निघेपर्यंत मी तोंडातून शब्द काढणार नाही.'

आई उठली. हिंडूफिरू लागली. थोरलीनं नेम धरला तो धरलाच.

शेजारची शिंपीण सकाळी पाव न्यायला आली की म्हणायची, "तुझ्याकडे पाव मिळतो, बातमी मिळत नाही. अशानं गिऱ्हाईक टिकेल का गं?" थोरली हसून भट्टीकडे बोट दाखवायची. आतून धाकटा ओरडायचा, "काकू, दम धरा! पाव निघाले की ताईला वाचा फुटेल. मग पळून जाऊ नका म्हणजे झालं."

त्यानं तिच्या मौनालाही वाट काढून दिली होती. ओ द्यायच्या ऐवजी तिनं दारालगतच्या पत्र्यावर बोटांनी टकटक करायची. टकटक ऐकली की तो थांबायचा. सगळं सुरळीत चाललं होतं. त्याचं लग्न ठरलं होतं, आणि नव्या सुनेला पत्रा वाजवायला शिकवायचं, असं त्याचं आईशी रोजचं हसणं चालायचं.

त्या दिवशी थोरलीच्या दोन्ही हातांवर पिठाच्या गोळ्यांनी भरलेली फळी होती.

"दांडा!"

पत्रा वाजवायला हात मोकळा नव्हता. तिचे ओठ उघडले होते. पण त्याच क्षणी आतल्या खोलीत आई खोकली, आणि ते ओठ मिटले. निसटून जाऊ, असं तिला वाटलं. दांडा फळीवर आदळला. गोळे घरंगळत त्याच्या पायांशी गेले. काय झालं ते ध्यानात येऊन धाकटा गर्रकन वळला, त्याचा पाय ओल्या पिठावरून सरकला आणि तोल सावरायला त्यानं उजवा हात टेकला, तो भट्टीच्या तापल्या तोंडावर.

तेव्हाही ती बोलली नाही. रस्त्यावर धावत जाऊन तिनं दुकानाच्या दाराचा पत्रा बडवला, माणसं गोळा केली. भट्टीतले पाव आतच जळले. पहिली भट्टी त्या दिवशी निघालीच नाही, म्हणून तिचं मौनही सुटलं नाही. दवाखान्यात धाकट्यानं विचारलं, "ताई, मागे होतीस ना?" तिनं मान हलवली. "मग?" ती नुसती रडत राहिली.

दुसऱ्या दिवशी शिंपिणीच्या मदतीनं कसेबसे पाव निघाले, आणि ती बोलायला धावली. त्यानं तिला बोलू दिलं नाही. "तुझ्या देवाला एक ओ जड झाली असती का गं?" एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

भाजलेल्या हाताची बोटं मिटली ती उघडली नाहीत. ठरलेलं लग्न त्यानंच मोडलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला गोदामाच्या फाटकावर रात्रपाळीची राखण धरली आणि तिकडेच खोली घेतली. बेकरी थोरली एकटी चालवू लागली. मागे कुणीच नसायचं, तरी दांडा ओढण्याआधी ती पत्रा वाजवायची.

आता आई पुन्हा अंथरुणाला लागली होती. यावेळी ती उठणार नव्हती, हे तिलाही कळलं होतं. एका दुपारी तिनं थोरलीला जवळ बसवलं.

"त्याला आण. एकदा दोघांना बरोबर बघू दे."

"निरोप पाठवले की गं. काकू स्वतः जाऊन आल्या."

शिंपीण उशाशीच होती. "दिवसभर कडी लावून झोपतो. फटीतून म्हणाला, काकू, उसवलेलं शिवता येतं, जळलेलं नाही. मेला मलाच शिवण शिकवतो!" हसता हसता तिनं डोळे पुसले.

"मीही गेले होते," थोरली हळूच म्हणाली. "पहाटे, पाळी सुटताना. फाटकासमोर उभी राहिले. त्यानं पाहिलं. थांबला जरासा. मग निघून गेला."

"थांबला होता?" आईनं मान उचलली. "मग हाकेसाठी थांबला असेल."

"मौनात होते ना मी."

"मग मोड ते."

"आणि तुला काही झालं म्हणजे?"

"मला आता होणारच आहे, बाई." आईला धाप लागली. शिंपिणीनं तिची पाठ चोळली. "देवानं दिलं ते भरभरून दिलं. त्याच्याशी किती दिवस घासाघीस करशील? माझ्यासाठी तोंड मिटलंस, ते मी रोज इथून ऐकलंय. आता माझ्यासाठीच उघड. दे वचन."

थोरलीनं हात पुढे केला. आईचा हात पिसासारखा हलका लागला.

पहाटे उठून तिनं देवापुढे दिवा लावला. नेहमीचं मागणं ओठांवर आलं, ते तिनं परत घेतलं. नुसते हात जोडले. पीठ झाकलेलं होतं, भट्टी थंड होती. शिंपीण येऊन आईपाशी बसली. "आज पाव नाहीत?" तिनं विचारलं. थोरलीनं सवयीनं मानेनंच नाही म्हटलं.

आतल्या दाराशी ती घटकाभर उभी राहिली. श्वास चालला होता. अडखळत, पण चालला होता. एवढ्यात तो थांबला तर तो आपल्यामुळेच, हे तिच्या मनातून जाईना. तरी तिनं चपला पायात सरकवल्या आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.

रस्त्यावर कुणी नव्हतं. कोपऱ्यावर येऊन तिनं घसा खाकरला. इतक्या सकाळी आपला आवाज कसा लागतो, तेच तिला आठवेना. शाल घट्ट लपेटून ती गोदामाच्या रस्त्याला लागली.